शून्य घातलं की सगळंच जुळतं: डिप्लोमाच्या बीजगणितातलं एक प्रकरण

विद्यार्थिनी सतरा वर्षांची. घर दिघ्याला, वडील रबाळे एमआयडीसीत ऑपरेटर, आई घरी शिवणकाम करते. दहावी मराठी माध्यमातून आणि त्यानंतर इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. पहिल्या सत्रात बाकीचे सगळे विषय सुटले, बेसिक मॅथेमॅटिक्स राहिला. लेखी पेपर ७० गुणांचा, तिला पडले १९. दहावीला याच मुलीला गणितात ७१ होते, त्यामुळे घरच्यांना काय झालं तेच कळेना.

मी ठाणे पूर्वेला, कोपरीत, डिप्लोमा आणि अकरावीच्या मुलांचं गणित घेते. उन्हाळी परीक्षेत एटीकेटीचा पेपर काढायचा म्हणून ती ट्रान्स-हार्बरच्या लोकलने माझ्याकडे यायला लागली. तिचं किंवा कॉलेजचं नाव इथे देत नाही. प्रकरण लिहून काढावंसं वाटलं, कारण असा विद्यार्थी दर वर्षी येतो आणि दर वर्षी त्याच्यासोबत चुकीचं निदानही येतं.

तिच्यासोबत तर तीन निदानं आली होती. वडील म्हणाले, "मॅडम, हिला इंग्लिश जड जातं. शाळेत छेद म्हणायचे, इथे डिनॉमिनेटर." कॉलेजच्या शिक्षकांनी सांगितलं होतं की सराव कमी पडला. ज्या क्लासला ती आधी जात होती त्यांचं म्हणणं होतं की मुलगी हुशार आहे पण पेपरात घाबरते. सरावाचं कारण मी लगेच बाजूला ठेवलं, कारण क्लासची दोनशे पानी वही तिने काठोकाठ भरली होती. पानापानावर कोपऱ्यात सही होती. उत्तरं कुणी तपासल्याची खूण मात्र कुठे दिसली नाही. न तपासलेल्या सरावाने हात बसतो, आणि चाल चुकीची असेल तर त्या चुकीवरही हात तितकाच बसतो.

दहावीच्या ७१ बद्दलही थोडं सांगायला हवं. राज्य मंडळाच्या दहावीला बीजगणिताचा पेपर ४० चा, भूमितीचा ४० चा, आणि २० गुण अंतर्गत. बीजगणितातही वर्गसमीकरणं आणि रेषीय समीकरणं यांच्या जोडीला अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता, सांख्यिकी असते. म्हणजे अक्षरांची आकडेमोड कच्ची असूनही चांगले गुण मिळवता येतात. डिप्लोमाच्या पहिल्या सत्रात ती सोय नाही. लॉग, निश्चयक आणि मॅट्रिक्स, पार्शल फ्रॅक्शन (आंशिक अपूर्णांक, म्हणजे एका मोठ्या अपूर्णांकाची सोप्या अपूर्णांकांत फोड), त्रिकोणमिती, सरळ रेषा: कुठेही हात घाला, वाट बैजिक राशींमधूनच, म्हणजे अक्षरांच्या आकडेमोडीतूनच जाते.

उत्तरपत्रिका काय सांगते

तंत्रशिक्षण मंडळाकडे फी भरली की तपासलेल्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मिळते. एखाद-दोन गुण वाढतील या आशेने तिने ती मागवली होती. गुण वाढले नाहीत, पण मला हवा होता तो कागद हातात आला.

उत्तरपत्रिका मी एका ठरावीक रीतीने वाचते. अंतिम उत्तर बघत नाही. प्रत्येक प्रश्नात वरून खाली येत जायचं आणि पहिली चुकीची ओळ आली की थांबायचं. त्या एका ओळीत नेमकी कुठल्या इयत्तेची चूक आहे, ते समासात लिहायचं. तिच्या उत्तरपत्रिकेच्या समासात "पहिलं सत्र" असं मला जवळपास लिहावंच लागलं नाही. बहुतेक ठिकाणी आलं "आठवी", एक-दोनदा "सातवी".

निश्चयकाचा प्रश्न पूर्ण बरोबर होता. निश्चयक वापरून समीकरणं सोडवण्याची क्रेमरची पद्धत आपल्याकडे दहावीत येते, ती तिला पाठ होती. लॉगचे नियम पाठ होते. पार्शल फ्रॅक्शनची पहिली ओळ अचूक होती. प्रश्न इंग्रजीतले होते आणि एकाही ठिकाणी तिने विचारलं त्यापेक्षा वेगळं काही सोडवलेलं नव्हतं, त्यामुळे इंग्रजीचं कारणही फारसं टिकेना. नवं शिकवलेलं तिला येत होतं. गडबड होत होती ती मधल्या ओळींत, जिथे परीक्षक फक्त नजर फिरवतो आणि शिक्षक फळ्यावर "सिम्प्लिफाय केलं की हे येतं" म्हणून पुढे जातो.

नमुना म्हणून तिच्या एका प्रश्नासारखाच हा घ्या. (क्ष + ७) भागिले (क्ष − १)(क्ष + ३) याचे आंशिक अपूर्णांक करायचे आहेत. तिने नीट मांडलं: अ/(क्ष − १) + ब/(क्ष + ३). मग छेदातला (क्ष − १) झाकून क्ष = १ घातलं, वर ८, खाली ४, म्हणून अ = २. बरोबर. मग (क्ष + ३) झाकून क्ष = −३ घातलं. वर −३ + ७, म्हणजे ४. खाली −३ − १. इथे तिने लिहिलं: ४. शेजारी पेन्सिलीने, पुसट, "मायनस मायनस प्लस". ब यायला हवा होता −१, आला १. बाकी सगळी रीत शाबूत, आणि उत्तर चुकलं.

"मायनस मायनस प्लस" हा आपल्या शाळांमधला सगळ्यात लाडका मंत्र असावा. तो गुणाकारासाठी खरा आहे, आणि ऋण संख्या वजा करताना खरा आहे. −३ − १ मध्ये यातलं काहीच नाही. पण मंत्राला अटी नसतात. दोन आडव्या रेघा दिसल्या की तो आपोआप सुटतो.

बोलून सोडवायला लावलं तेव्हा

उत्तरपत्रिकेवरून चूक कळते, चुकीमागचा विचार कळत नाही. म्हणून पहिल्या काही बैठकांत मी तिला काही शिकवलं नाही. गणित द्यायचं आणि सोडवताना मोठ्याने बोलायला सांगायचं, एवढंच. आधी ती लाजली. मग बोलू लागली, आणि त्यातून जे निघालं ते वहीत कधीच दिसलं नसतं.

(क्ष² + ९)/(क्ष + ३) ला सोपं रूप दे, असं सांगितलं. हे सोपं होत नाही, आहे तसंच राहतं. ती बोलत गेली: "क्ष वर्ग आणि क्ष, एक क्ष उडाला, वर क्ष राहिला. नऊ आणि तीन, तीन त्रिक नऊ, तीन उडाले, वर तीन. क्ष अधिक तीन."

"का उडवता येतं?"

"कट होतं ना, मॅडम."

तिच्या डोक्यात "कट होणं" ही वर-खाली असलेल्या वस्तूंची गोष्ट होती. वर काही, खाली त्याच जातीचं काही, मारा रेघ. अंश आणि छेद दोघांनाही एकाच संख्येने भागलं म्हणून किंमत बदलत नाही, हा विचार कुठेच नव्हता. तो असता तर भागायचं तर अख्ख्या अंशाला भागावं लागेल, त्यातल्या एकेका पदाला वेगवेगळ्या संख्येने नाही, हे तिला आपसूक दिसलं असतं.

तसंच "पलीकडे नेणं". क्ष − ५ = ८ मधला ५ पलीकडे गेला की चिन्ह बदलतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ३क्ष = १२ मधला ३ पलीकडे नेताना ती एकदा −३ करायची, एकदा खाली भागाकारात. कधी काय, हे ती "बघून ठरवायची". दोन्ही बाजूंत एकच गोष्ट मिळवली किंवा दोन्ही बाजूंना एकाच संख्येने भागलं, असं तिने एकदाही म्हटलं नाही. बरोबरचं चिन्ह तिच्यासाठी "आता पुढची पायरी" एवढंच होतं. रफ कामात ती ३ × ४ = १२ + ५ = १७ असं सलग लिहीत होती. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श माणसाने १५५७ मध्ये हे चिन्ह पहिल्यांदा छापलं तेव्हा दोन समांतर, सारख्या लांबीच्या रेघा मुद्दाम निवडल्या, कारण त्याहून समान दोन गोष्टी त्याला सुचेनात. हे मी तिला सांगितलं. तिने "अच्छा" म्हटलं आणि पुन्हा ३ × ४ = १२ + ५ लिहिलं. इतिहास सांगून सवय सुटत नाही, निदान पहिल्या झटक्यात तरी नाही.

त्याच बैठकीत प्रकरणाचा सांधा सापडला. (क्ष² + ९)/(क्ष + ३) = क्ष + ३ हे बरोबर आहे की नाही ते तपासायचं कसं, असं मी विचारलं. ती म्हणाली, पाठीमागे उत्तर असेल तर बघायचं. उत्तर नसेल तर? गप्प. मी म्हटलं, क्ष च्या जागी १ घालून बघ.

"घालता येतं?"

हा प्रश्न तिने अगदी मनापासून विचारला. मी म्हटलं, पार्शल फ्रॅक्शनमध्ये तर तू क्ष = १ घालतेसच.

"ती पद्धत आहे ना, मॅडम."

इथे सगळं उलगडलं. पार्शल फ्रॅक्शनमध्ये किंमत घालणं ही त्या प्रकरणाची पद्धत. शिकवली म्हणून चालते. बाकी ठिकाणी क्ष हे एक अक्षर, आणि अक्षरांचे नियम अक्षरांना. क्ष म्हणजे कुठलीतरी संख्या, आणि बीजगणितातली प्रत्येक ओळ ही संख्यांबद्दल केलेलं विधान, जे खरं किंवा खोटं असू शकतं, ही जाणीव आठवी ते दहावी तीन वर्षांत तिला कुणी दिली नव्हती. नियम खरे का, हा प्रश्न पडायला ते खोटे ठरू शकतात हे आधी माहीत असावं लागतं.

तिने १ घातला. डावीकडे १०/४, उजवीकडे ४. बराच वेळ ती त्या दोन आकड्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मग मी सगळीकडेच चुकलेय."

शून्याचा लळा

इलाज उघड होता: प्रत्येक पायरीनंतर किंमत घालून पडताळायचं. पुढच्या वेळी ती आली तेव्हा आनंदात होती. घरी दहा-बारा गणितं सोडवली होती आणि सगळी पडताळून बरोबर आली होती. मी वही पाहिली. निम्मी चूक होती, आणि प्रत्येकाखाली पडताळा बरोबर होता.

तिने सगळीकडे क्ष = ० घातलं होतं. आकडेमोड कमी होते म्हणून. (क्ष + ३)² = क्ष² + ९: शून्य घातलं, डावीकडे ९, उजवीकडे ९. (क्ष² + ९)/(क्ष + ३) = क्ष + ३: शून्य घातलं, दोन्हीकडे ३. शून्याने मधलं पद गिळून टाकलं होतं, आणि चूक नेमकी मधल्याच पदात होती. (क्ष + ३)² चा खरा विस्तार क्ष² + ६क्ष + ९. त्यातला ६क्ष शून्याला दिसतच नाही.

शून्य बाद केल्यावर तिने लॉगमध्ये दुसरी गंमत केली. लॉग (म + न) = लॉग म + लॉग न हा सापळा दर वर्षी निम्म्या वर्गाला पकडतो. खरा नियम गुणाकाराचा आहे: लॉग (म × न) = लॉग म + लॉग न. तिने पडताळायला म = २, न = २ घेतलं. दोन अधिक दोन चार, दोन गुणिले दोनही चार. चुकीचा नियम दिमाखात पास झाला. मी तिला १० आणि १०० घ्यायला सांगितलं, बेस १०, म्हणजे संख्या १० चा कितवा घात आहे तो तिचा लॉग. उजवीकडे १ + २ = ३. डावीकडे लॉग ११०, आणि ११० हा तर १०० च्या जरासा पुढे, म्हणजे त्याचा लॉग दोनच्या आसपास. कॅल्क्युलेटरवर २.०४ आलं. हा फरक तिने वहीत लाल पेनाने लिहून ठेवला. नेपियरने १६१४ मध्ये लॉग काढले ते मुळात मोठे गुणाकार बेरजेने करता यावेत म्हणून. बेरजेचा लॉग सोपा करण्याची सोय त्यात कधी नव्हतीच.

त्यानंतर पडताळ्याच्या किमती आम्ही ठरवूनच टाकल्या. शून्य नाही, एक शक्यतो नाही कारण एकाचे सगळे घात सारखेच, आणि दोन चल असतील तर दोघांना एकच किंमत नाही. क्ष ला ३, य ला ५. छेद शून्य होत असेल तर दुसरं काही. एवढंच.

पडताळा फक्त खोटं पकडतो, खरं सिद्ध करत नाही, हेही तिला सांगावं लागलं, कारण ती आता प्रत्येक गोष्ट आकडे घालून "सिद्ध" करू पाहत होती. मात्र एक अपवाद तिला फार आवडला. दोन्ही बाजूंना जास्तीत जास्त दुसऱ्या घाताच्या बहुपदी असतील आणि त्या तीन वेगवेगळ्या किमतींना जुळल्या, तर त्या एकच आहेत, कारण दुसऱ्या घाताच्या समीकरणाला दोनपेक्षा जास्त मुळं, म्हणजे उत्तरं, असू शकत नाहीत. म्हणजे (क्ष + ३)² चा विस्तार तीन किमतींनी तपासला तर तो तपास पुरावाच ठरतो. हे कळल्यावर तिने एक अख्खी संध्याकाळ आठवीची विस्तारसूत्रं अशी तपासण्यात घालवली. पेपर जवळ आला होता, तरी मी थांबवलं नाही.

उडवणं बंद

पडताळ्याने चूक कळायला लागली. चूक होऊच नये यासाठी वेगळं काहीतरी हवं होतं. मी तिला "उडवणं" आणि "पलीकडे नेणं" काही काळ बंद करायला लावलं. दोन्ही बाजूंना काय केलं ते प्रत्येक ओळीखाली लिहायचं: दोन्हीतून ५ वजा, दोन्हींना ३ ने भाग.

ती वैतागली. "एवढं लिहायला पेपरात वेळ कुठे असतो, मॅडम?" तक्रार रास्त होती. म्हणून ठरलं, हे फक्त माझ्या वहीत, पेपरात नाही. याचा पहिला फायदा दिसला तो क्ष² = ५क्ष मध्ये. आधी ती एक क्ष उडवून क्ष = ५ म्हणायची आणि दोनपैकी एक मूळ हरवायची. आता तिला लिहावं लागलं: "दोन्हींना क्ष ने भाग." आणि लिहिता लिहिता हात थांबला. क्ष शून्य असेल तर? भागता येणार नाही. मग ५क्ष डावीकडे घेतला (दोन्हीतून वजा करून), क्ष(क्ष − ५) = ० केलं, आणि दोन्ही मुळं मिळाली: ० आणि ५. पडताळ्यात जो शून्य तिला सारखा फसवत होता, तोच इथे तिने स्वतः पकडला.

उलट दिशेची चूक लॉगच्या समीकरणात होती, म्हणजे नसलेलं मूळ मिळवणं. बेस २ घेऊन लॉग क्ष + लॉग (क्ष − २) = ३. आधी ती बेरीज लॉगच्या आत ढकलायची: क्ष + क्ष − २ = ८ (२ चा तिसरा घात ८), क्ष = ५. आता ती नियम बरोबर वापरू लागली: क्ष(क्ष − २) = ८, म्हणून क्ष² − २क्ष − ८ = ०, मुळं ४ आणि −२. तिने दोन्ही उत्तरं लिहिली आणि चौकट केली. मूळ समीकरणात −२ घातलं तर −२ चा लॉग घ्यावा लागतो, आणि ऋण संख्येला लॉग नाही (वास्तव संख्यांमध्ये तरी नाही). उत्तर फक्त ४. हे उपरं मूळ आलं कुठून, हे तिने स्वतःहून विचारलं, आणि माझ्या मते या प्रकरणातला हा सगळ्यात चांगला प्रश्न. उत्तर असं की दोन लॉग एकत्र केले त्या ओळीला अटी गळून पडल्या. −२ गुणिले −४ बरोबर ८, धन, म्हणून नव्या समीकरणाला −२ चालतो. जुन्याला चालत नाही. प्रत्येक ओळ वरच्या ओळीतून निघते, पण खालून वर परत जाता येतंच असं नाही.

मायनसचं काय केलं, ते थोडक्यात. सातव्या शतकात, ६२८ मध्ये, ब्रह्मगुप्ताने ऋण संख्यांचे नियम धन आणि ऋण, म्हणजे मालमत्ता आणि कर्ज, या भाषेत दिले. कर्जात कर्ज मिळवलं की कर्जच. किराणावाल्याचे तीन रुपये देणं, त्यात आणखी एक, एकूण चार देणं: −३ − १ = −४. बेरजेला ही भाषा फार उपयोगी पडते. गुणाकाराला ती फारशी कामाची नाही, कर्ज गुणिले कर्ज म्हणजे काय हे कुठलाच किराणावाला सांगू शकणार नाही. तिथे मी यादी लिहून घेतली: −१ × ३ = −३, −१ × २ = −२, −१ × १ = −१, −१ × ० = ०. उत्तर दर पायरीला एकने वाढतंय, मग −१ × −१ किती? तिने बरोबर सांगितलं. मंत्र जागच्या जागी बसला, पण किती बसला ते पुढे येईल.

शब्दांतून समीकरण

हे पेपरात फारसं येत नाही, तरी मी घेतलं, कारण क्ष म्हणजे संख्या ही जाणीव इथे खरी कस लावून बघता येते. तिला विचारलं: कारखान्यात सुपरवायझरच्या सहापट कामगार आहेत. कामगार क, सुपरवायझर स. समीकरण लिही. तिने क्षणात लिहिलं: ६क = स. वाक्यात सहा आणि कामगार जवळ आले म्हणून.

यात ती एकटी नाही. अमेरिकेत १९८० च्या आसपास हाच प्रश्न विद्यार्थी आणि प्राध्यापक घालून इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना विचारला गेला होता, आणि एक तृतीयांशाहून जास्त मुलांचं उत्तर चुकलं होतं; त्या चुकांत सगळ्यात जास्त होती ती अगदी अशीच उलटी मांडणी. मी तिला काही समजावलं नाही. तिनेच आकडे घातले: सुपरवायझर दोन, तर कामगार बारा. सहा गुणिले बारा बरोबर दोन? खोडलं, क = ६स लिहिलं. आणि मग म्हणाली, "पप्पांच्या शिफ्टला तर एकच सुपरवायझर असतो." ते खरंही असेल.

हे काम नेमकं कुणाचं

हा मधला टप्पा, म्हणजे अवयव, अपूर्णांकातल्या बैजिक राशी, घातांक, वर्गमुळं, लॉग, अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या कॉलेजांमध्ये इंटरमीजिएट अल्जिब्रा नावाने स्वतंत्र शिकवला जात आला आहे. तिथेही त्याचं सगळं सुखाचं नाही. असंख्य मुलं या पायरीवर अडकून पडतात आणि पुढच्या गणितापर्यंत पोचतच नाहीत, म्हणून कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा केला, की थेट पुढच्या गणितात विद्यार्थी यशस्वी होण्याची शक्यता फारच कमी असेल तरच त्याला मागच्या पायरीवर बसवावं. आपल्याकडे उलट अवस्था: पायरीच नाही. दहावीचे शिक्षक म्हणतात हे आठवीत झालंय, डिप्लोमाचे म्हणतात हे दहावीत झालंय. दोघांचंही कागदावर बरोबर आहे. मला वाटतं, वेगळा विषय काढण्यापेक्षा पहिल्या सत्राच्या सुरुवातीला दोन आठवडे मुलांच्या जुन्या चालीरीती ऐकण्यात घालवले तर जास्त पदरात पडेल. साठ मुलांच्या वर्गात ते कसं करायचं, हा प्रश्न मात्र राहतोच. माझ्यासमोर एक मुलगी आणि एक टेबल होतं, ती तुलना बरोबर नाही.

परीक्षेनंतर

उन्हाळी परीक्षेत तिला ७० पैकी ४३ पडले. तिने झेरॉक्स पुन्हा मागवली, या वेळी गुण वाढावेत म्हणून नाही. बीजगणितात लॉगचं समीकरण पूर्ण बरोबर, नकोसं मूळ कारण देऊन नाकारलेलं. पार्शल फ्रॅक्शन बरोबर, शेजारी क्ष = ३ चा पडताळा. गुण गेले ते त्रिकोणमितीत, जिथे सूत्रंच पाठ नव्हती; त्यावर आम्ही वेळ दिला नव्हता. आणि शेवटच्या अर्ध्या तासातल्या सरळ रेषेच्या प्रश्नात, चढ काढताना, −२ − ५ चे तिने ७ केले होते. तिथे पडताळा नव्हता. वेळ संपत आला होता, असं ती म्हणाली.

सध्या ती दुसऱ्या सत्राच्या अप्लाइड मॅथेमॅटिक्सची तयारी करते आहे. त्यात इंटिग्रेशन आहे, आणि इंटिग्रेशनमध्ये पुन्हा पार्शल फ्रॅक्शन. इंटिग्रल काढून झालं की उत्तराचं डेरिव्हेटिव्ह घेऊन परत मूळ फलन येतं का बघायचं, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. वडिलांचं मत अजून इंग्रजीचंच आहे, आणि त्यांनी तिला ऐरोलीत स्पोकन इंग्लिशचा क्लास लावून दिला आहे. तिला तो आवडतो.